भूगोलाच्या बाईंची नदी

आमच्या भूगोलाच्या बाईंना डावं-उजवं मान्य नव्हतं. कळत असणार, पण मान्य नव्हतं. स्टाफरूममध्ये त्या मला म्हणायच्या, "जरा पश्चिमेला सरक," आणि मी भिंतीकडे सरकायचं की खिडकीकडे, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी काही कळलं नाही. "कप वायव्येला ठेवा," असं त्यांनी म्हटलं की शिपाईमामा कप हातात धरून तसेच उभे राहायचे. चहा निवायचा, आणि निवलेल्या चहाबद्दलही बोलणी शिपाईमामांनीच खायची.

आमचं हायस्कूल कसाल-मालवण रस्त्यावर. एसटीतला कंडक्टर "पुढे सरका" म्हणाला की बाई त्याला अडवायच्या. "पुढे म्हणजे कुठे? गाडी कसालला चालली आहे. पूर्वेला सरका, असं म्हणा." एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाई, तुमी खंयच्याय दिशेक सरका, पण सरका." बाई सरकल्या नाहीत. पाठीमागची सगळी माणसं त्यांना वळसा घालून पूर्वेला गेली.

उंच, काटकुळा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि बारा महिने काळी छत्री. छत्री पावसासाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त. नकाशावर ब्रह्मपुत्रा दाखवायची तर छत्री, मागच्या बाकावरचं पोर उठवायचं तर छत्री. एकदा मालवणच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यावर छत्रीचं टोक रोखून त्या मासेवालीला समजावत होत्या की यंदा बांगडा उशिरा का आला, समुद्रप्रवाह म्हणजे काय, आणि त्यांचं तापमान कशावर ठरतं. मासेवालीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रवाह रवांदेत थंय. बांगडो होयो तर घे, नायतर गिऱ्हाईकाक वाट सोड."

शाळेत त्या अगदी शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की मात्र शुद्ध मराठी गळून पडायची आणि खालून खणखणीत मालवणी बाहेर यायची. 'अगं' जाऊन 'गो' आलं की आम्ही समजून जायचो, आता आपलं काही खरं नाही.

जगातल्या सगळ्या नद्या बाईंनी पोरांकडून घोटून घेतल्या होत्या. कुठली कुठे उगम पावते, कुठे वळते, कुठे कंटाळून गाळ टाकते. नदीचा विषय निघाला की बाई एखाद्या नातेवाईक बाईविषयी बोलावं तशा बोलायच्या. स्वतः मात्र त्या घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, एकदाच घोट्यापर्यंत उतरल्या होत्या, तेही चप्पल वाहून चालली म्हणून.

अशा बाईंनी आम्हाला नदीत न्यायचं ठरवलं, त्याला कारण झाले आमचे खेळाचे सर.

आदल्या वर्षी शाळेतले पुरुष शिक्षक तिलारीच्या बाजूला रिव्हर ट्यूबिंग करून आले होते. मोठ्या रबरी ट्यूबमध्ये बसायचं, नदी नेईल तिकडे जायचं, धक्के खायचे, ओरडायचं. त्याचा व्हिडिओ सरांनी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा दाखवला की त्यांच्या ओरडण्याची चाल आम्हाला पाठ झाली. बाई एका कोपऱ्यात (नैऋत्येच्या) वह्या तपासत होत्या. सर म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकातली नदी वेगळी आणि ही वेगळी. ह्याला जिगर लागते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मधल्या सुट्टीत आम्हा तिघींना व्हरांड्यात बोलावलं. मी, चित्रकला शिकवणारी नंदा आणि मराठीची रेश्मा. नंदा अंगाने भरलेली आणि तोंडाने सुटलेली, तिला कशाचंच काही वाटायचं नाही. रेश्मा नुकतीच लग्न होऊन आलेली, आवाज इतका बारीक की पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा "काय, मॅडम?" असं विचारायची.

"दिवाळीच्या सुट्टीत आपण जायचं," बाई म्हणाल्या. जायचं का, असं विचारलं नाही.

"बाई, माझ्या घरी..." रेश्मा म्हणाली.

"घराचं मी बघते."

आणि खरोखरच बघितलं. त्याच रविवारी आम्ही तिघीजणी बाईंच्या मागून रेश्माच्या घरी गेलो. सासूबाई पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. बाईंनी आधी शुद्ध मराठीत सहलीचे शैक्षणिक फायदे सांगितले. सासूबाईंनी ते सुपारीच्या सालीबरोबर बाजूला टाकले.

"बायलमाणसांनी टायरीत बसान न्हंयत जावचा? लोक काय म्हणतले?"

बाईंची शुद्ध मराठी तिथेच संपली.

"लोकांचा माका सांगा नुको. तुमचो झील नववीत असताना माका काय म्हणालो म्हायती आसा? गोदावरी अरबी समुद्राक मेळता! आख्खी न्हंय तेणी उलटी फिरवल्यान! तसल्याक तुमी संसार करूक दिलात ना? मग हिका एक दिस न्हंयत सोडूक काय जाता?"

झील म्हणजे रेश्माचा नवरा दारातच उभा होता. चांगला नोकरीतला, मिशीवाला गृहस्थ. बाईंची छत्री त्याच्याकडे वळली तशी त्याने नकळत हात मागे बांधले. "जांव दे गे आये तिका," तो घाईघाईने म्हणाला. गोदावरी पुन्हा कुणी विचारू नये, एवढीच त्याची इच्छा दिसत होती. सासूबाई अडकित्ता आपटून आत गेल्या. तेवढी परवानगी बाईंना पुरेशी होती.

मग तयारी सुरू झाली. माणसं सहलीला जाताना डबा करतात. बाईंनी अभ्यासक्रम केला.

कसालच्या एका टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आली आणि आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर ठेवली गेली. बाई खुर्चीवर. आम्ही एकेकीने ट्यूबमध्ये बसायचं. "बूड मध्ये. पाय वर. हात आत. मान ताठ. आता समोर खडक आला. काय करशील?" मी म्हटलं, "ओरडेन." बाईंनी मला नापास केलं. नंदा बसली ती बसलीच. तिला ट्यूबमधून काढायला मी आणि रेश्मा दोन्ही बाजूंनी ओढत होतो, बाई "आग्नेयेकडून जोर लाव" म्हणत होत्या आणि माझ्या सासूबाई वाटण वाटायचं सोडून बघत होत्या.

"गो, पण पाणी खंय आसा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पाणी नंतर," बाई म्हणाल्या. "आधी बसणं."

"बाई, तुम्ही पण बसून बघा ना एकदा," नंदा धापा टाकत म्हणाली.

"मी शिकवते आहे," बाई म्हणाल्या. "शिकवणाऱ्याने बाकावर बसायचं नसतं."

नंतर पाण्यातला धडा झाला, आमच्या शेताकडेच्या व्हाळात. बाई साकवाच्या छोट्या पुलावर उभ्या, गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे वळा. खालच्या कोंडीत शेजाऱ्यांची म्हैस बसली होती आणि नंदाची ट्यूब सरळ तिच्याकडे निघाली. बाईंनी एक शिट्टी मारली, दोन मारल्या, मग मोजदाद सोडून नुसतीच फुंकली. म्हशीने मान वर करून बाईंकडे बघितलं. बाईंनी म्हशीकडे बघितलं. नंदा हळूच जाऊन म्हशीला टेकली आणि तिथेच थांबली. "बरोबर," बाई म्हणाल्या, "असंच थांबायचं."

पण खरा मोठा धडा होता कपड्यांचा. साडी नाही, ओढणी नाही, मोकळे केस नाहीत. ट्रॅक पँट आणि वर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. "साडी पाण्यात गेली की तिला स्वतःचं मत येतं," बाई म्हणायच्या. "ती आपल्याबरोबर राहत नाही, नदीबरोबर जाते." तिलारीच्या त्या ट्यूबवाल्या माणसाला त्यांनी स्वतः फोन करून त्याचे कपड्यांचे नियम तपासून घेतले. त्याच्यापेक्षा त्यांचे जास्त कडक निघाले.

मला आणि नंदाला पँटचं काही वाटलं नाही. रेश्माने लग्नानंतर त्या घरात साडी आणि फार तर पंजाबी ड्रेस, ह्यापलीकडे काही घातलं नव्हतं. बाईंनी तिला फर्मान काढलं, "सवय नसेल तर अंग चोरशील. अंग चोरलंस तर बुडशील. आठवडाभर घरात घालून वावर."

आणि ही वेडी खरंच वावरली. सासरे आठवडाभर तोंडासमोर वर्तमानपत्र धरून जेवले. सासूबाई तिच्याशी बोलायच्या, पण तिच्याकडे न बघता, तुळशीकडे बघून. शेजारची एक काकी मुद्दाम साखर मागायला आली आणि साखर न घेताच गेली, ज्यासाठी आली होती ते बघून झालं होतं. रेश्मा हे सगळं आम्हाला सांगायची तेव्हा हसायचा प्रयत्न करायची. एकदा सांगता सांगता तिचे डोळे भरले. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. समाज हा एक कठीण खडक आहे, त्याची झीज सावकाश होते." वाक्य चांगलं होतं. पण झिजत होती रेश्मा.

बाईंनी स्वतःची पँट सावंतवाडीत जाऊन आणली, जिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. निळ्या रंगाची आहे, एवढंच आम्हाला कळलं. पाहिली कुणीच नव्हती.

जायच्या दिवशी सकाळी गाडी तिठ्यावर आली. आम्ही तिघी वेळेवर. बाई नाहीत. दाखल्यावर सही करायला मिनिटाचा उशीर झाला तर मुख्याध्यापकांनासुद्धा बोलणाऱ्या बाई नाहीत! फोन लागेना. शेवटी गाडी त्यांच्या घराकडे वळवली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर त्या राहायच्या. रस्त्याला लागूनच घर, पुढे खळं, मग पडवी. वहिनी बाहेर आल्या, कपाळाला हात लावून.

"ती भायर येणा नाय. ताप इलो म्हणता."

"किती आहे?" मी विचारलं.

"कपाळाक हात लावन बघलंय. माझ्यापेक्षा थंड आसा." वहिनींनी आवाज खाली आणला. "सकाळी ती प्यांट घातल्यान. आरशात बघल्यान. बरी दिसा होती गो! पडवेपर्यंत इली. तितक्यात दूधवालो इलो. तशीच धावत आत, ती दार लावन बसली हा."

पलीकडे माडांना पाणी लावणारे भाऊ तिथूनच ओरडले, "माका बोल लावा नुको हां! मी अडवलंय नाय कोणाक! आज कितकी वर्सां सांगतंय, खंय तरी जा एकदाची!"

नंदाचे खांदे हलायला लागले. तिने तोंडावर हात दाबला. मलाही हसू आवरेना. जगाला दिशा दाखवणाऱ्या बाई दूधवाल्याला घाबरून खोलीत कोंडून बसल्या होत्या.

रेश्मा मात्र हसत नव्हती. ती खळ्याच्या मधोमध उभी होती, टी-शर्ट आणि ट्रॅक पँटमध्ये, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. तिचा चेहरा लाल झाला होता. आणि मग तो पहिल्या बाकापर्यंतसुद्धा न पोचणारा आवाज बंद दारापर्यंत पोचला.

"बाई, मी हय तुमच्या खळ्यात उभी आसंय. रस्त्यावरसून माणसां जातत. बघतत. माका काय एक जावक नाय. आठ दिवस मी घरात ह्याच घालून फिरलंय, तुमी सांगितलात म्हणान. आता भायर येवा."

भाऊंनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. बऱ्याच वेळाने कडी वाजली.

बाई बाहेर आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात छत्री. रेश्माकडे त्यांनी बघितलं नाही. सरळ गाडीकडे चालत गेल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "चला. तुमच्यामुळे उशीर झाला."

कुडाळ गेल्यावर बाईंनी शास्त्रीय विवेचन सुरू केलं. सुती साडी घट्ट नेसली, पदर खोचला, तर पाण्याचा विरोध उलट कमी होतो. आपल्या पूर्वीच्या बायका काय पँटी घालून भातं लावत होत्या? रेश्मा खिडकीबाहेर बघत राहिली. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली, आत डोकावला. तीन बायका खेळाच्या कपड्यांत आणि चौथी छत्री घेऊन.

"खंय, स्पर्धेक?"

"होय," नंदा म्हणाली. "ह्ये आमचे कोच."

बाई जरा ताठ बसल्या.

नदीवर पोचलो. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे पाणी भरलेलं, हिरवं, आणि खडकांपाशी पांढरं होऊन गर्जत होतं. ट्यूबवाला माणूस लाइफ जॅकेटं घेऊन आला. मला दिलं, नंदाला दिलं, रेश्माला दिलं. बाईंसमोर थांबला.

"मॅडम, साडी चलाची नाय."

"मी ती विशिष्ट पद्धतीने नेसले आहे," बाई म्हणाल्या.

"नाय मॅडम." त्याने त्यांच्या आवाजाकडे कान दिला. "तुमीच नाय काय माका फोन केलेलात? कोण साडी नेसान इली तर काय करशात, म्हणान इचारलात. मी म्हटलंय, उतरूक दिवचंय नाय. तुमी म्हणालात, शाब्बास."

नंदा पाठ फिरवून नदीकडे बघू लागली. बाईंची मान वरच होती, पण छत्रीची मूठ त्या दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता मालवणी येणार. आली नाही.

रेश्मा पुढे झाली. आवाज पुन्हा बारीक झाला होता. "बाई, तिकडे कपडे बदलायची खोली आहे. पिशवीत आणलीय ना तुम्ही ती?"

बाईंनी पिशवी छातीशी धरली. आणली होती, हे उघड होतं. त्यांनी त्या खोलीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आजूबाजूच्या चार अनोळखी पुरुषांकडे बघितलं.

"सामान सांभाळायला कुणीतरी हवं," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही."

आम्ही गेलो. त्या नदीबद्दल मी काय सांगू? खळ्यातलं शिक्षण पहिल्याच खडकाला वाहून गेलं. मान ताठ, हात आत, सगळं विसरलं. मी ओरडले. नंदा आडवीतिडवी फिरत, शिव्या देत आणि हसत माझ्यावरून गेली. आणि रेश्मा! ती इतक्या मोठ्याने किंचाळत होती की पुढच्या वळणावरचे बगळे उडाले. लग्न झाल्यापासूनचं सगळं ओरडायचं राहिलेलं ती तिथे ओरडून घेत होती.

पाणी जरा संथ झालं तेव्हा नंदाने काठाकडे बोट दाखवलं. काठावरून, झुडपांमधून, दगडांवरून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात आमच्या सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बाई धावत होत्या. खरोखर धावत होत्या. छत्री हलवून काहीतरी ओरडत होत्या. पाण्याच्या आवाजात एकच शब्द फुटून आमच्यापर्यंत आला, "ईशान्येला! गो, ईशान्येला!" मग आम्ही पुढच्या पांढऱ्या पाण्यात पडलो आणि बाई दिसेनाशा झाल्या.

ट्यूबा जिथे काठाला लागतात तिथे आम्ही पोचलो, तर बाई आधीच एका दगडावर बसलेल्या. साडी मांडीपर्यंत भिजलेली, निऱ्यांना चिखल, एका पायात चप्पल नाही, कोपर खरचटलेलं. मध्ये कुठेतरी नदीला मिळणारा एक व्हाळ असावा, तो त्यांनी तसाच पार केला होता. धाप लागून बोलता येत नव्हतं. बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य आलं, "किती वेळ लावलात!"

परतताना गाडीत त्या झोपल्या. झोपेत मान कलून रेश्माच्या खांद्यावर आली. रेश्माने ती ढकलली नाही. पण अंगावर शालही घातली नाही. नुसती बसून राहिली.

सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच दिवशी स्टाफरूम भरलेली असताना बाईंनी सुरुवात केली. पाण्याचा वेग, खडकांची रचना, वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाला कसा घासतो. सगळं खरं होतं आणि सगळं काठावरून दिसण्यासारखं होतं. 'आम्ही' हा शब्द त्या फार सफाईने वापरत होत्या. आम्ही उतरलो, आम्ही वळलो, आम्ही धडकलो. नंदा माझ्या पायावर पाय देत होती. मी फळ्याचं डस्टर उगाच झटकत होते.

खेळाचे सर हाताची घडी घालून ऐकत होते. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, बाई. पण तुम्ही स्वतः कुठे होतात?"

माझ्या नोकरीत पहिल्यांदाच बाईंना आपण कुठे होतो ते सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नंदाकडे बघितलं. रेश्माकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

रेश्मा निबंध तपासत होती. मान वर न करता तिने एक चूक लाल शाईने गोल केली आणि म्हणाली, "बाई आम्हा सगळ्यांच्या पुढे होत्या, सर. आमच्या आधी पोचल्या."

सरांनी हाताची घडी सोडली. नंदाने माझ्या पायावरचा पाय काढला. बाईंनी घसा साफ केला, छत्री टेबलावर सरळ ठेवली आणि रेश्माकडे वळल्या.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," त्या म्हणाल्या. "आणि आधी नव्हे. बरंच आधी."